पलीकडून काय आलं?

“थांबलीस, की विसरलीस?”

अप्पांनी बाजेवर पडूनच, डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं.

शुभदा ओसरीच्या मधोमध उभी होती. एक हात पुढे, मूठ आवळलेली, जणू हातात नावेचं वल्हं आहे.

“विसरीन कशी, अप्पा? तिथं पॉज आहे.”

“कुणाचा?”

“माझा. म्हणजे... चंद्राक्काचा.”

“केवढा?”

“तीन आकडे.”

“कुणी मोजले?”

 शुभदाच्या डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर होता, तिसऱ्या पेरावर. तो तिनं हळूच मुठीत लपवला.

मी हे पाहिलं, कारण मी भिंतीपलीकडे मेथी निवडत होते. अप्पांची ओसरी आणि आमचा कट्टा यांच्यामध्ये छातीएवढी भिंत आहे. बसलं की काही दिसत नाही, उभं राहिलं की सगळं दिसतं. मेथी मी हल्ली उभ्यानंच निवडते.

अप्पा म्हणजे मल्लाप्पा शिंत्रे. एकतीस वर्षं एका फिरत्या नाटक मंडळीत प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर वही, हातात लाल कापड बांधलेली बॅटरी. नट अडला की त्याला ऐकू जाईल आणि पहिल्या रांगेला जाणार नाही एवढ्याच आवाजात पुढचा शब्द द्यायचा. एकतीस वर्षांत त्यांच्या अंगावर एकदाही उजेड पडला नाही.

मंडळी बंद पडली तसे ते गावी आले आणि ओसरीवर एकपात्री शिकवायला लागले. आता वय अठ्ठ्याहत्तर. डोळ्यांचं ऑपरेशन होऊनही अक्षर दिसत नाही. फी घेत नाहीत. मात्र एक रिवाज आहे.

ओसरीच्या तुळईला पितळेची घंटा टांगलेली आहे. नाटक सुरू होण्याआधी तीन घंटा होतात, तशा इथंही. पाठांतर झालं की पहिली घंटा शिष्यानं स्वतः वाजवायची. हालचाली बसल्या की दुसरी, तीही स्वतःच. तिसरी मात्र अप्पा वाजवणार.

गेल्या चार वर्षांत तिसरी वाजली नव्हती. मी साक्षीदार आहे. ती वाजली आणि आमच्या घरात ऐकू आली नाही, असं होणं शक्यच नाही.

शुभदानं पहिली घंटा चौथ्याच दिवशी वाजवली होती. इतरांना महिना लागतो. वाजवली ती अशी, की कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला बाहेर येऊन बघून गेला. मी भिंतीवरून टाळ्या वाजवल्या होत्या.

का नाही वाजवणार? पोरगी आमच्या गल्लीची. वय एकतीस. गावात तिला चेहऱ्यानं ओळखणारे थोडे, पण तिचा आवाज ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. दहा वर्षं एसटी स्टँडवर गाड्या तीच पुकारायची.

“आजरामार्गे आंबोली, सावंतवाडी जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे...”

ठसठशीत. एक अक्षर गिळायची नाही. पाहुणे गाडीतून उतरले की घरी येईपर्यंत मी सांगून मोकळी व्हायचे, तो आवाज ऐकलात ना, तो आमच्या गल्लीतला.

आणि आता तर कोल्हापूरच्या माने सरांना एकपात्री नाटकासाठी एक बाई हवी होती. हे माने तरुणपणी नट होते, त्यांना शब्द देणारे अप्पाच. त्यांनी अप्पांना फोनवर सांगितलं होतं, “तुम्ही नाव द्या. तुमची तिसरी घंटा झालेली असली की मी वेगळी परीक्षा घेणार नाही.” पुढच्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला पुन्हा फोन करणार होते.

“दोन तास मी एकटी, काकू,” शुभदा मला म्हणाली होती. “दोन तास! दीडशे गावांत!”

दुसरी घंटाही वाजवून झाली होती, राहिली होती ती तिसरी. तिला दुसरं काही दिसतच नव्हतं.

“पुन्हा,” अप्पा म्हणाले.

शुभदानं पुन्हा वल्हं धरलं.

चंद्राक्का ही नाववाली. नदीवर पूल बांधून झालाय, उद्यापासून सुरू होणार. शेवटच्या दिवशी ती सवयीनं पलीकडच्या काठाला हाक मारते. उत्तर येत नाही. मग ती एकटीच बोलत राहते. बारा मिनिटांचं काम. अप्पांनीच पूर्वी कधीतरी लिहून ठेवलेलं.

“पल्याड कोण हाय काऽऽ?”

काय हाक होती! आमच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

मग ती थांबली.

मीही थांबले. जुडी हातातच. एक... दोन... अडली बिचारी, मला वाटलं. रोज ऐकून ऐकून मला ते सगळं पाठ झालं होतं. फोडणी घालताना मी चंद्राक्काच असायचे. पोरीची फजिती नको, म्हणून मी भिंतीवरून ओरडले,

“न्हाई! आता कुनी न्हाई! समदी पुलावरनं गेली!”



“काकू!” शुभदा गर्रकन वळली. “मी विसरले नव्हते! पॉज होता तो!”

“अगं बाई... मला वाटलं...”

“अप्पा, काकूंना पॉज म्हणजे काय तेच माहीत नाही. त्यांना कसं कळणार?”

लागलं मला. सातवी पास बाईला असलं बोलणं लागतंच. पण खोटं नव्हतं ते. मला माहीत नव्हतं.

अप्पा हसत होते. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते.

“वहिनी, इकडं या.”

मी पदराला हात पुसत भिंतीला वळसा घालून गेले. वाटलं, आता बोलणी बसणार. अप्पांनी उशाखालून जुनी वही काढली आणि माझ्या हातात दिली.

“उद्यापासून शब्द तुम्ही द्यायचा.”

“मी?”

“ती गप्प झाली आणि तुम्हाला वाटलं अडली, की द्यायचा. विचार करायचा नाही.”

“काकू प्रॉम्प्टर?” शुभदाला हसावं की रडावं कळेना.

“मला अक्षर दिसत नाही.”

“पण अप्पा, मला प्रॉम्प्टर लागतच नाही. एक शब्द चुकत नाही माझा.”

“ठाऊक आहे.”

“मग?”

अप्पांनी तोंड तिच्याकडं वळवलं.

“पलीकडून काय आलं?”

“कुठून?”

“हाक मारलीस ना? नदीच्या पलीकडून काय आलं?”

“काहीच नाही. तिथं पॉज आहे, अप्पा.”

“हं,” अप्पा म्हणाले, आणि आडवे झाले.

घरी जाऊन मी ह्यांना सांगितलं, मी प्रॉम्प्टर झाले. हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, “आता मलाही एखादा शब्द दे. सव्वीस वर्षं मिळालेला नाही.”

दुसऱ्या दिवशी शुभदा आली ती एक जाड वही घेऊन. कव्हरवर सुबक अक्षरात ‘रंगभूमी : शब्दसंग्रह’. आत एकशे बारा शब्द, प्रत्येकाचा अर्थ, लाल शाईनं रेघा मारलेल्या.

“कालचं मनाला लागलं, अप्पा,” ती म्हणाली. “मला काही येत नाही असं तुम्हाला वाटायला नको. कुठलाही विचारा.”

“विचारू?”

“कुठलाही.”

“नेपथ्य.”

“रंगमंचावर दाखवलेलं स्थळ. घर, रस्ता, जे काही असेल ते उभं करण्याची मांडणी.”

“स्वगत.”

“पात्र स्वतःशीच बोलतं ते. प्रेक्षकांना ऐकू येतं, इतर पात्रांना नाही.”

“वा. विंग?”

“रंगमंचाच्या दोन्ही बाजूंची आडोशाची जागा. प्रेक्षकांना न दिसणारी. नट तिथून प्रवेश करतो.”

“शाब्बास! मी एकतीस वर्षं तिथं होतो.” अप्पा जरा पुढं सरकले. “मी कुठून प्रवेश केला?”

शुभदानं वही चाळली.

खरंच चाळली. ‘प’ पासून.

मग तिचं तिलाच कळलं आणि तिनं वही मिटली. कान लाल झाले होते. मला तिची दया आली आणि अभिमानही वाटला. एकशे बारा शब्द लिहून काढणं काही थट्टा नाही.

तालीम सुरू झाली. मी अप्पांच्या स्टुलावर, मांडीवर वही. पहिल्या दिवशी मी नऊ वेळा शब्द दिला. नऊच्या नऊ ठिकाणी तिला तो येत होता.

“काकू, आहे माझ्या लक्षात!”

“बरं बाई.”

दुसऱ्या दिवशी तिनं तिनाचे पाच आकडे केले. मी शब्द दिला. तिसऱ्या दिवशी थांबल्यावर तिनं लांब कुठंतरी नजर लावली. मी शब्द दिला. चौथ्या दिवशी तिनं खोल उसासा टाकला, पदरानं डोळ्याची कड टिपली.

मला वाटलं, विसरल्यामुळं रडू आलं. मी शब्द दिला.

“अप्पा!” ती खालीच बसली. “काकू मुद्दाम करतात!”

“अगं, देवाशप्पथ नाही.”

“मग सगळ्या ठिकाणी कसं काय तुम्हाला वाटतं मी अडले म्हणून?”

“मी काय करू? तू गप्प झालीस की मला वही दिसायला लागते.”

हे मी सहज बोलले. अप्पांची मान माझ्याकडं वळली.  त्या दिवशी मला जाताना त्यांनी परसातली दोन लिंबं दिली.

त्याच दिवसाचं आणखी एक सांगते. वाचता वाचता मी चुकून दोन पानं एकदम उलटली आणि पुढल्याच पानावरचा शब्द दिला. शुभदा बोलतच होती. अप्पा डोळे मिटून पडलेले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, “वहिनी, एक पान मागं या.”

म्हणजे त्यांना वही लागतच नव्हती.

मग माझ्या मांडीवर ती कशाला ठेवली होती, हे मी विचारलं नाही. दुसरंच विचारलं.

“अप्पा, नट अडलाय की थांबलाय, हे तुम्हाला विंगेत बसून कसं कळायचं?”

“एकदा कळलं नव्हतं.” अप्पा उठून बसले. “आमच्या मंडळीत एक म्हातारे नट होते. मुलाचं पत्र आलंय आणि ते उघडत नाहीत, असा प्रवेश. थांबले. मी नवीन. घाबरलो, दिला शब्द.”

“मग?”

“मध्यंतरात माझ्याजवळ आले. पाणी मागितलं. प्यायले. म्हणाले, पोरा, मी पत्र वाचणार होतो रे आज.”

शुभदा भिंतीला टेकून ऐकत होती.

“पण ओळखायचं कसं, अप्पा?” तिनं विचारलं. आवाजात ताठा होता, पण जरा कमी.

“अडलेला माणूस माझ्याकडं बघायचा.”

“आणि थांबलेला?”

अप्पांनी हातात बॅटरी धरल्यासारखी मूठ केली.

“त्याच्याकडं मी बघायचो.”

तिनं ते वहीत लिहून घेतलं. पॉज या शब्दापुढं, लाल शाईनं.

तीस तारखेला शुभदा पेढे घेऊन आली. नवी साडी, केसांत अबोली.

“अप्पा, तोंड गोड करा. माझा आवाज कायमचा झाला.”

स्टँडवर तिचा आवाज भरून घेतला होता. सगळ्या गावांची नावं, सगळे फलाट, सगळ्या वेळा. उद्यापासून यंत्र बोलणार, तिच्याच आवाजात. ती पासाच्या खिडकीत बसणार.

“मी म्हातारी झाले तरी तो आवाज असाच राहणार,” ती म्हणाली. “माझी नातवंडं ऐकतील.”

मी तिच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. आमच्या गल्लीचं नाव पन्नास वर्षं स्टँडवर वाजणार, थोडी गोष्ट आहे का?

अप्पांनी पेढा तोंडात टाकला.

“ते यंत्र मधे अडतं का?”

“छे! एकदाही नाही. एका दमात.”

“आणि थांबतं?”

“दोन घोषणांच्या मधे थांबतं ना. आठ सेकंद. तसं बसवलंय.”

“वा,” अप्पा म्हणाले. “पेढा चांगला आहे.”

एक तारखेला मला निपाणीला जायचं नव्हतं. तरी मी निपाणीची गाडी बघायला स्टँडवर गेले. म्हटलं, बघून तर यावं.

वर कर्ण्यातून शुभदा बोलत होती. अगदी तीच. गाडी, फलाट, मार्ग. माणसं बोचकी उचलत होती, पोरांना ओढत होती. वर कुणी बघत नव्हतं. पूर्वी तरी कुठं बघायचे म्हणा.

खाली पासाच्या खिडकीत शुभदा बसली होती. समोर कॉलेजच्या पोरींची रांग. पहिलीनं फॉर्म आत सरकवला होता. शुभदानं तो घेतला नव्हता.

तिचे ओठ हलत होते.

वरचा आवाज जे म्हणत होता, तेच ती म्हणत होती. आवाज न करता. आजरा... आंबोली... सावंतवाडी. वरचा आवाज थांबला तशी तीही थांबली. पण आठ सेकंदांनी वरचा सुरू झाला आणि ती... ती नाही झाली. तोंड तसंच अर्धं उघडं. कर्ण्याकडं बघत.

“मॅडम, पास,” पोरगी म्हणाली.

मी उभी होते त्या खांबामागूनच निघाले आणि चालतच घरी आले. येताना भाजी घ्यायची होती, ती राहिली.

अप्पांना सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही. ओठांचंही सांगितलं.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“तिनं पाहिलं तुम्हाला?”

“नाही.”

“मग तुम्हीही पाहिलं नाही.”

मी मान हलवली. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. ही राहिली. शुभदा नाटकाच्या कामाला लागेपर्यंत राहिली.

तीन दिवस शुभदा तालमीला आली नाही. घरी विचारलं तर आई म्हणाली, अंग कसकसतंय म्हणते. अप्पांनी एकदाही चौकशी केली नाही. संध्याकाळी ओसरीवर बसायचे, माझ्यासाठी स्टूल मांडून ठेवायचे.

“आज तरी येईल का हो?” मी विचारायचे.

“तुम्ही वही आणलीत ना?”

“हो.”

“मग बसा.”

आम्ही दोघं बसायचो. एक म्हातारा, एक बाई, मधे रिकामी ओसरी.

शनिवार उजाडला. माने सरांचा फोन साडेसहाला. मी सकाळपासून बाप्पाला सांगत होते, पोरीला बुद्धी दे.

सहा वाजून गेल्यावर ती आली. स्टँडवरून थेट, खांद्याला पर्स, साडीची पिन सुटलेली. शब्दांची वही नव्हती.

“अप्पा, एकदा करू?” ती म्हणाली.

“कर की.”

तिनं पर्स भिंतीशी ठेवली, चपला उंबऱ्याबाहेर काढल्या आणि मधोमध जाऊन उभी राहिली. हात पुढं केला. मूठ आवळली नव्हती. वल्ह्यावर हात नुसता ठेवावा तसा ठेवला. खूप वर्षं वापरलेली वस्तू आपण आवळून धरत नाही ना, तसा.

“पल्याड कोण हाय का...”

कबुतरं उडाली नाहीत. एवढीशीच हाक होती. मला तर वाटलं, नदीच्या मध्यापर्यंत तरी पोहोचते की नाही.

आणि ती थांबली.

ती ओसरीपलीकडं बघत होती. तिथं आमचीच भिंत आहे, भिंतीवर माझा पापडाचा पाट उन्हाला टेकवलेला. पण ती पाटाकडं बघत नव्हती. त्याच्या मागं. लांब.

तोंड अर्धं उघडं. मी खिडकीत पाहिलं होतं तसं.

रिक्षा गेली एक. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

ती तशीच.

मग तिची टाच जराशी उचलली गेली. पलीकडं काही हललं की आपण उचलतो तशी. टाच पुन्हा खाली आली.

“...हाय का?” ती पुटपुटली. हे वहीत नाही.

पुन्हा शांत.

आणि मग, जणू कुणी तिला आत्ताच येऊन सांगितलं असावं, तशी ती म्हणाली,

“न्हाई. आता कुनी न्हाई. समदी पुलावरनं गेली.”

पुढची अकरा मिनिटं मला नीट सांगता येणार नाहीत. एवढं आठवतं, की शेवटी तिनं नावेचा दोर खुंट्याला बांधला आणि गाठ पुन्हा पुन्हा चाचपली. हवेत. मला दोर दिसत होता.

झालं.

अप्पा उठले. काठी न घेता उठले. चार पावलं चाचपडत गेले, हात वर केला, तुळईपाशी घंटेचा लोळा त्यांना सापडला.

एकच ठोका.

चार वर्षांनी. इस्त्रीवाला बाहेर आला, त्याच्या मागून त्याची बायको, समोरच्या गॅलरीत तीन माणसं. आमचे हे पेपर हातात घेऊन दारात. मी सगळ्यांकडं असं बघितलं, जणू घंटा मीच वाजवली.

फक्त शुभदा हसली नाही.

“नको, अप्पा. ही घंटा नको.”

“का?”

“मी तुम्हाला फसवलं. तिथं मी थांबले नव्हते. मी विसरले होते. खरंच विसरले होते. पुढचा शब्दच नव्हता डोक्यात. काही नव्हतं.”

गॅलरीतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मला वाटलं, हे गं काय? कुणाला कळलं होतं? गप्प बसली असतीस तर! पण मग तिच्याकडं बघितलं आणि माझीच मान ताठ झाली. साडेसहाला दहा मिनिटं होती, अख्खी गल्ली बघत होती, दीडशे गावं हातातून जाणार होती, आणि पोरीनं खरं सांगितलं.

अप्पा घंटेखालीच उभे होते.

“वहिनी.”

“अं?”

“ती अडली. तुम्ही शब्द का दिला नाहीत?”

मी मांडीकडं पाहिलं. वही मिटलेली होती. कधी मिटली कुणास ठाऊक. कामात चुकलेल्या बाईसारखी मी उभी राहिले.

“चुकलं माझं, अप्पा. माझं लक्षच नव्हतं.”

“कुठं होतं?”

“मी...” मला सांगायची लाज वाटली. “मी पलीकडं बघत होते. कुणी येतंय का ते.”



आत फोन वाजायला लागला. माने सर वेळेआधीच होते.

“वहिनी, तेवढा फोन घ्या,” अप्पा म्हणाले. “सांगा, आहे एक नाव.”

मी आत गेले. फोन उचलला आणि जेवढं मोठ्यानं सांगता येईल तेवढ्या मोठ्यानं नाव सांगितलं. आडनावासकट. गल्लीसकट. तिकडून माने सर म्हणाले, “बाई, ऐकू येतंय मला.”

बाहेर आले तेव्हा शुभदा अजून तिथंच उभी होती. पदर डोळ्याला. अप्पा स्टुलावर बसले होते, माझ्या.

“पण अप्पा,” ती म्हणत होती, “मी चौथ्याच दिवशी पहिली घंटा वाजवली, तेव्हा मला अक्षर न् अक्षर पाठ होतं. आणि आज... आज त्या जागी मला काहीच येत नव्हतं.”

“काहीच?”

“काहीच नाही.”

अप्पांनी माझ्या हातातली वही मागून घेतली. अंदाजानं तिच्यावरून हात फिरवला. मग ती शेजारच्या बाजेवर उशाखाली सारली.

“हं... मग जा, आता पहिली वाजव.”